लवंगीचं शहाणपण

लवंगीने टोप्या पळवणं सोडलं, तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. तबेल्याच्या अर्ध्या दारावरून मान बाहेर काढायची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावरची टोपी दातांत धरायची, आणि माणूस चिडला की ती पाण्याच्या टाकीत टाकायची, हा तिचा आवडता उद्योग होता. मास्तरांच्या कितीतरी टोप्या अशा बुडाल्या होत्या. घोडी दिसायला लहानखुरी, रंगाने लवंगेसारखी काळपट तपकिरी आणि स्वभावानेही तशीच. हे नाव मास्तरांच्या लेकीने ठेवलं होतं. घोडीही लेकीचीच.

मास्तर घोडेस्वारी शिकवत. शाळा अगदी लहान. एक दगडी अंगण, त्याच्या तीन बाजूंना तबेले, चौथ्या बाजूला राहतं घर, आणि घरामागे कुंपण घातलेलं वाळूचं रिंगण. मास्तरांकडे बघून हा माणूस घोड्यावर बसत असेल असं कोणाला वाटलं नसतं. किरकोळ अंगकाठी, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं इतकं हळू की रिंगणाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या मुलाला त्यांची सूचना अंदाजानेच पाळावी लागे. घोड्यांवरची पुस्तकं मात्र त्यांनी ढीगभर वाचली होती. "पुस्तकातला घोडा लाथ मारत नाही, केवढी सोय आहे!" असं काकू म्हणायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. शाळेतली सगळी मुलं त्यांना काकू म्हणत, आणि ऐकून ऐकून मास्तरांच्याही तोंडात तेच बसलं होतं.

लेक त्यांच्या अगदी उलट. ती लगाम सैल सोडून बसायची आणि लवंगीला हवं तसं धावू द्यायची. दोघी कुंपणाला घासून वळत, तेव्हा मास्तरांचा जीव टांगणीला लागे. "पाठ सरळ," ते पुटपुटत. "लगाम आखूड." लेक हसत निघून जाई. पुढे तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. तिथे घोडी ठेवायला लगेच जागा मिळेना. निघायच्या सकाळी ती तबेल्यात बराच वेळ थांबली आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, हिला काही शिकवू नका हं. नुसती नीट ठेवा."

"म्हणजे मी वाईट ठेवतो?"

"असं कुठे म्हणाले मी? तुम्ही शिकवायला लागलात की तुम्हाला समोरचा दिसत नाही, एवढंच."

मास्तरांना ते लागलं. लागलेलं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. पण लेकीची गाडी दिसेनाशी झाल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं, की या घोडीला शिकवायचं. चाबूक नाही, ओरडणं नाही, नुसता धीर. आयुष्यभर पुस्तकांत जे वाचलं आणि कधी धड जमलं नाही, ते एकदा तरी जमवून बघायचं.

आणि ते जमलं. निदान तसं दिसलं तरी. पहिल्यापहिल्यांदा लवंगीने त्यांना रिंगणभर नाचवलं. मग हळूहळू तिचं ओढणं कमी झालं. उधळणं थांबलं. दुडक्या चालीवर घेतली की ती भरधाव सुटायला बघायची, ती आता बेतशीर चालू लागली. थांब म्हणायच्या आत थांबू लागली. मास्तर खाली उतरून तिच्या मानेवर कितीतरी वेळ थोपटत राहत. आपल्याला कधी काही जमेल असं त्यांना मनापासून वाटलेलंच नव्हतं. आता जमलं होतं, आणि तेही लेकीच्या घोडीवर.

फोनवर त्यांनी लेकीला सांगितलं, "लवंगी शहाणी झाली बरं का."

"म्हणजे?"

"म्हणजे लहान मूलसुद्धा बसवावं. टोप्या पळवणंही सोडलं तिने."

"टोपी पण नाही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'मध्ये काय होतं, त्याचा मास्तरांनी तेव्हा विचार केला नाही. ती हिरमुसली असेल असं समजून त्यांना थोडं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही.

त्यानंतर नवशिकी मुलं लवंगीवर बसू लागली. लांब दोरी धरून मास्तर मधे उभे राहत आणि लवंगी त्यांच्याभोवती लहान लहान गोल घेत फिरत राही. आई-बाप कुंपणाशी उभे राहून विचारत, "आमच्याला ती शांत घोडी मिळेल ना?" संध्याकाळी सगळे गेले की मास्तर स्वतः दाताळं घेऊन रिंगणातली वाळू सारखी करत. दिवसभराचे टापांचे ठसे, खड्डे, रेषा सगळं पुसून वाळू इस्त्री केलेल्या चादरीसारखी दिसेपर्यंत त्यांचं समाधान होत नसे. त्यांची तेवढीच चैन. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारत, "अहो, उद्या पुन्हा तुडवणारच आहेत ती! जेवायला या."

नालबंद नेहमीप्रमाणे आला. तो कामापेक्षा जास्त बोलणारा माणूस. लवंगीला नाल ठोकायचा म्हणजे पूर्वी एकाने कान धरायचा, दुसऱ्याने देवाचं नाव घ्यायचं. या वेळी ती खांबासारखी उभी राहिली. नालबंदाने पुढचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाला, "मास्तर, बाईसाहेब चपला टोकाकडून झिजवायला लागल्यात. चवड्यांवर चालतात की काय? नाचाच्या शिकवणीला घातली की हिला?"

"वाळू पातळ झालीय," मास्तर म्हणाले. "खालची जमीन टणक लागते. जरा जाड ठोका या वेळी."

"जाड तर जाड. पण काय हो ही गरीब झाली! काय औषध दिलंत? आमच्या घरी पण एक पुडी द्या."

दोघे हसले. जाड नाल ठोकले गेले.

मास्तर निष्काळजी होते असं म्हणता येणार नाही. दर आठवड्याला ते प्रत्येक घोडा दगडी अंगणात दुडक्या चालीने पळवून बघत. घोड्याचा पुढचा पाय दुखत असला, तर तो पाय जमिनीवर टेकताना घोडं डोकं वर उचलतं आणि चांगल्या पायावर खाली टाकतं. कितीही सोसणारं जनावर असो, हे त्याला लपवता येत नाही, असं मास्तरांनी वाचलं होतं आणि डोळ्यांनी पाहिलंही होतं. लवंगीचं डोकं जरासुद्धा हलत नसे. पाण्याने भरलेला हंडा ठेवला असता तरी सांडला नसता. मास्तर समाधानाने मान हलवत आणि पुढच्या घोड्याकडे वळत.

लेक सुट्टी काढून आली ती सरळ तबेल्यात गेली. लवंगीने तिचा खांदा हुंगला, केसांत नाक खुपसलं. लेकीने डोक्यावर मुद्दाम वडिलांची टोपी घातली होती. ती टोपी तशीच राहिली. मग तिने खोगीर चढवलं आणि घोडी रिंगणात नेली. मास्तर कुंपणाशी उभे होते. लेक काय म्हणेल ते ऐकायला त्यांचे कान इतके आतुर झाले होते, की स्वतःचीच त्यांना थोडी लाज वाटली.

लेकीने एकच फेरी दुडक्या चालीत मारली. मग थांबली, उतरली आणि खोगिराचा पट्टा सैल करू लागली.

"का गं? काय झालं?"

"बाबा, ही कोण आहे?"

"शहाणी झालीय. तुला सवय नाही, म्हणून..."

"शहाणी नाही हो. काचा पसरल्यात आणि त्यावरून चालायचंय, अशी चालतेय ती. पाय पुढे टाकतच नाही."

"डोकं बघ तिचं. जरा तरी हलतंय का? मी दर आठवड्याला बघतो."

"मला ते पुस्तकातलं कळत नाही. मला खोगिरावर बसून कळतंय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "डॉक्टरांना बोलावू या ना. नसेल काही, तर मी तुमची माफी मागेन."

मास्तर तयार झाले. आपण चूक ठरू नये, अशी इच्छा त्या वेळी त्यांच्या मनात होती. घोडीला काही नसावं, या इच्छेआधी ती आली होती. पुढे कितीतरी दिवस हाच क्रम त्यांना टोचत राहिला.

डॉक्टरबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. धिप्पाड बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आवाज असा की तीन तबेल्यांतले घोडे कान टवकारून बघत. त्यांनी लवंगीला अंगणात जाताना-येताना पाहिलं. "एकसारखी चालतेय," त्या म्हणाल्या. मास्तरांनी लेकीकडे पाहायचं टाळलं. मग बाईंनी एक मोठा चिमटा काढला, घोडीचा उजवा पुढचा खूर उचलला आणि टाचेकडची बाजू चिमट्यात धरून दाबली. लवंगीने झटका देऊन पाय काढून घेतला. डाव्या पायाचंही तेच झालं.

"हं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता एक करू. उजव्या पायाची टाच बधिर करते. काकू, तोवर चहा टाका."

टाचेच्या वर दोन्ही बाजूंना सुई टोचून झाली. चहा झाला. लेकीने पुन्हा लगाम धरला आणि घोडीला अंगणात पळवलं. आणि लवंगी लंगडू लागली. साधीसुधी नाही. प्रत्येक पावलाला डोकं वर उडत होतं आणि खाली आदळत होतं, कोणालाही कळावं असं.

"अगंबाई!" काकू ओरडल्या. "तुम्ही सुई टोचून चांगल्या घोडीला लंगडी केलीत की हो!"

"नाही काकू. सुई टोचली उजव्याला. लंगडतेय ती डाव्याने. उजवा आता दुखत नाही, म्हणून डाव्याचं दुखणं बाहेर आलं." डॉक्टरबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "दोन्ही पाय सारखेच दुखत होते हिचे. कुठल्या पायावरचा भार कुठल्यावर टाकायचा? टाकायला चांगला पायच नव्हता. म्हणून डोकं हललं नाही. दोन्हीकडून पाऊल चोरत, टाचा टेकायच्या टाळत चालत राहिली बिचारी. पुष्कळ दिवसांचं आहे हे."

मास्तरांकडे कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

खात्री करून घ्यायला बाईंनी डावी टाचही बधिर केली. मग लेकीने लगाम धरून पळायला सुरुवात केली, आणि दोन पावलांत लेकच मागे पडली. लवंगीने मान ताणली, फुरफुरली, पाय असे लांब फेकले की दगडांवर टापांचा आवाज घुमला. लेक फरफटत हसत होती, ओरडत होती, "अगं हो, हो! थांब!" दुसऱ्या फेरीला मास्तरांच्या बाजूने जाताना लवंगीने तिरकी मान केली, त्यांच्या डोक्यावरची टोपी अलगद उचलली आणि टाकीशी पोचताच पाण्यात सोडली.

सगळे हसले. काकू तर पदराने डोळे पुसत हसल्या. मास्तरही हसायला गेले आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"किती वेळ राहतं हे?" त्यांनी विचारलं.

"बधिरपणा? थोडाच वेळ. मग उतरेल," बाई म्हणाल्या.

तो उतरेपर्यंत मास्तर लवंगीच्या दाराशी उभे राहिले. तिने त्यांच्या सदऱ्याचं बटण तोडलं. मग खिशातला रुमाल ओढला. मग रुमाल सोडून दिला, आणि आधी एक पाय पुढे काढून ठेवला, मग तो मागे घेऊन दुसरा, आणि मान खाली घालून शहाण्यासारखी उभी राहिली.

त्यांनी एकेक गोष्ट पुन्हा आठवून पाहिली. ती सांगायच्या आत थांबायची, कारण तिला थांबायचंच असायचं. बेतशीर चालायची, कारण त्याहून लांब पाऊल टाकवत नव्हतं. जितकी ती गरीब झाली, तितकी मुलं तिच्यावर बसली आणि तितके गोल तिने घेतले. दुखऱ्या टाचांना वळणाइतकं वाईट काही नाही, असं डॉक्टरबाई जाता जाता म्हणाल्या होत्या. ते त्यांनी वाचलंही होतं. धीराने शिकवणं, धीराने शिकवणं, असं ते ज्याला म्हणत होते, ते दुखण्याने केलं होतं. आणि आपण तिच्या मानेवर थोपटत होतो.

"मी..." रात्रीच्या जेवणानंतर ते लेकीला म्हणू लागले.

"मलाही कळायला हवं होतं, बाबा," लेक म्हणाली. "टोपीचं फोनवर सांगितलंत, तेव्हाच निघून यायला हवं होतं. मी रुसून बसले."

परत जाण्याआधी तिने सांगितलं, की तिच्या शहराबाहेर एका मैत्रिणीची मोठी कुरणं आहेत, मऊ जमीन, सरळ लांबच लांब. "पण एवढ्यात नको. पुढच्या खेपेला येईन तेव्हा ठरवू. बरी होत असेल, तर राहू दे तुमच्याकडे."

लवंगी आपल्याकडे राहावी, एवढीच आता मास्तरांची इच्छा होती. जे बिघडवलं ते आपल्याच हातांनी सुधारावं, असं त्यांना फार वाटे. नालबंदाने जाड नाल काढले, खुरांची लांबलेली टोकं कापली आणि टाचांना उचल देणारे नाल बसवले. त्या दिवशी तो एक अवाक्षर बोलला नाही. निघताना फक्त म्हणाला, "मी थट्टेवारी नेलं हो, मास्तर." मास्तर रोज सकाळी खूर उचलून साफ करत, तळव्याला हात लावून ऊन लागतो का बघत, तबेल्यात भुशाचा जाड थर घालत. मुलांना बसवणं बंद झालं. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे ते लवंगीला रिंगणाच्या लांब बाजूने सरळ चालवत नेत, टोकाशी मोठं, सैल वळण घेत आणि परत आणत.

आणि त्यांनी दाताळं फिरवणं बंद केलं. घोडं मोकळं चालत असलं की मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडतो, किंवा त्याच्याही पुढे. इतके दिवस लवंगीने आपलं दुखणं रोज वाळूत लिहून ठेवलं होतं, आणि रोज संध्याकाळी त्यांनी आपल्या हाताने पुसलं होतं. आता ते वाकून, चष्मा सावरत ठशांच्या मागून चालत. मागचा ठसा पुढच्यापर्यंत पोचत नव्हता. पुढे थोडा जवळ आला. मग तिथेच थांबला.

"रिंगणाचा काय उकिरडा करून ठेवलाय!" काकू म्हणाल्या. मग त्यांना वाकलेले मास्तर दिसले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

लेक आली ती घोडी न्यायची गाडी घेऊनच. "लागली तर असावी," ती म्हणाली. डॉक्टरबाईंनी फोनवर तिला सांगितलं होतं, बरीच सुधारणा आहे. लवंगीला अंगणात पळवून पाहिलं. डोकं स्थिर, ताल एकसारखा, डोळेही तरतरीत. लेकीचा चेहरा सैल झाला.

"छान दिसतेय हो," ती म्हणाली. आणि मग, वडिलांच्या हातांवरचे खरारा करून पडलेले घट्टे पाहून असेल, "राहू दे का हिला इथेच? तुम्हाला काय वाटतं, बाबा?"

काकूंनी मास्तरांकडे पाहिलं. एका होकाराचा प्रश्न होता. अंगणातल्या चालीत खरंच कोणाला काही दिसलं नव्हतं.

"जरा इकडे ये," मास्तर म्हणाले.

ते तिला रिंगणात घेऊन गेले. सकाळचे ठसे सरळ रेषेत तसेच होते. मास्तर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पुढच्या पायाच्या ठशावर बोट ठेवलं. मग मागच्या पायाच्या. मधे वाळूची कोरी पट्टी होती, बोटं आडवी धरली तर मावतील एवढीच.

"ही भरत नाही," ते म्हणाले. "पहिल्यांदा भरत आली. आता कितीतरी दिवस इथेच आहे."

लेक त्यांच्या शेजारी बसली. "हे तुम्ही दाखवलं नसतं, तर मी ठेवून गेले असते."

"माहीत आहे."

"मग?"

"इथे सगळीकडे दगड आहे. आणि इथे वळल्याशिवाय तिला जागाच नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण या वेळी तिला तो नीट ऐकू आला. "ने तिला."

"पुन्हा धावेल का हो?"

मास्तरांनी वाळूवरचं बोट उचललं. "कुरणात चालेल," ते म्हणाले. "चालली तरी पुष्कळ."

गाडीचा उतरता फळा खाली सोडला. पूर्वी लवंगीला गाडीत चढवायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा. मागून दोर, पुढून गाजरं, आणि बाजूला उभं राहणाऱ्याने आपली हाडं सांभाळायची. मास्तर आत जाऊन आपली टोपी घालून आले आणि फळ्याच्या अगदी कडेला, तिच्या तोंडाजवळ येऊन उभे राहिले. काकू म्हणाल्या, "अहो, मागे सरा, लाथ बसेल." ते सरले नाहीत.

लेकीने लगाम धरला. लवंगीने मास्तरांच्या कानाशी नाक आणलं, एक ऊन उसासा सोडला आणि पुढे गेली. आखूड आखूड पावलं टाकत, कुठेही न अडता ती फळा चढली आणि आत जाऊन उभी राहिली.

"वा!" गाडीवाला दार लावता लावता म्हणाला. "एवढी शहाणी घोडी पहिल्यांदा पाहिली."

मास्तरांनी टोपी काढली आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती हातात धरून उभे राहिले.